दोस्तोयेव्हस्की : देहव्यथा, श्रद्धा आणि पात्राची प्रेरणा

कादंबरीतील पात्र एखादी कृती का करते, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा लेखकाच्या चरित्रात शोधले जाते. हा मार्ग कोठवर नेतो, हे आपण रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांच्या जीवनाच्या आधारे पाहू.

त्यांचा जन्म १८२१ साली मॉस्को येथे झाला. वडील गरिबांच्या रुग्णालयात डॉक्टर होते. १८४९ मध्ये राजसत्तेला धोकादायक वाटणाऱ्या एका विचारमंडळात सहभागी असल्याबद्दल दोस्तोयेव्हस्की यांना अटक झाली. मृत्युदंडासाठी वधस्थानी आणल्यावर, अगदी अखेरच्या क्षणी, त्यांना सक्तमजुरीची शिक्षा फर्मावण्यात आली. सैबेरियातील ओम्स्क येथे त्यांनी पायांत बेड्या वागवत चार वर्षे काढली. तेथे जाताना, पूर्वीच्या उठावातील बंदिवानांच्या पत्नींनी त्यांना ‘नवा करार’ भेट दिला होता. ती प्रत त्यांनी अखेरपर्यंत जपली. त्यांच्या अपस्माराचे निदानही सैबेरियातील वास्तव्यातच झाले. म्हणजे देहाची व्यथा आणि श्रद्धेचा ग्रंथ या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात जवळजवळ एकाच काळात आल्या.

‘द इडियट’ (१८६८-६९) या कादंबरीच्या मिश्किन या नायकाला त्यांनी आपलाच आजार दिला. झटका येण्यापूर्वी क्षणभर लाभणारा अपूर्व आनंदही दिला. मात्र हा साक्षात्कार आहे की केवळ रोगाचे लक्षण, अशी शंका मिश्किन स्वतःच घेतो. ही शंका पुसून टाकली, तर त्याची श्रद्धा आपल्याला समजणार नाही. त्याची करुणा ही शंकेसह टिकून राहिलेली आहे.

१८७८ मध्ये दोस्तोयेव्हस्की यांचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा अपस्मारानेच दगावला. पुत्रशोकाने खचलेले दोस्तोयेव्हस्की ऑप्तिना येथील मठात गेले आणि तेथील वृद्ध साधू अँब्रोज यांना भेटले. ‘द ब्रदर्स करमाझॉव्ह’ (१८७९-८०) मध्ये मूल गमावलेल्या एका मातेचे सांत्वन साधू झोसिमा करतो. श्रद्धावान नायकाचे नावही अल्योशाच आहे. परंतु निरागस मुलांच्या यातनांमुळे ईश्वरी व्यवस्था नाकारणारा इव्हानही याच कादंबरीत आहे. आणि अपस्मार कोणाला दिला आहे? अल्योशाला नव्हे, स्मेर्द्याकोव्हला. हा नोकर झटक्याचे सोंग करून आपण केलेला खून लपवतो.

येथे थोडे थांबून विचार करा. आजार एकच, पण मिश्किनच्या वाट्याला त्यातून करुणा येते, तर स्मेर्द्याकोव्हला त्यातून कपटाची सोय सापडते. शोक एकच; पण त्यातून झोसिमाचे सांत्वन उमटते आणि इव्हानचा नकारही. तेव्हा वेदना ही आपोआप प्रेरणा ठरत नाही. पात्र त्या वेदनेचा कोणता अर्थ लावते, यावरून त्याची प्रेरणा घडते. चरित्र आपल्याला सामग्री कोठून आली ते सांगते. तिचे काय झाले, हे मात्र संहितेतूनच कळते.

१८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दोस्तोयेव्हस्की यांचे निधन झाले.

स्वयंअध्ययनासाठी : तुमच्या अभ्यासक्रमातील कादंबरीतील एखादे दुःखग्रस्त पात्र निवडा. त्याची श्रद्धा किंवा अश्रद्धा कोणत्या प्रसंगांतून आकार घेते, हे लेखकाच्या चरित्राचा आधार न घेता लिहा. त्यानंतर चरित्र वाचा आणि तुमच्या उत्तरात काही बदलावेसे वाटते का, ते तपासा.