कुंचला, नांगर आणि लेखणी : कै. शंकरराव किर्लोस्कर

वृत्तपत्रातील लेखणी खाली ठेवून एखाद्या कारखान्याच्या जाहिरात-विक्री खात्यात जाणारे तरुण आता आपल्या कुटुंबांतूनही दिसू लागले आहेत. अशा वेळी लेखणीची प्रतिष्ठा गेली, उरला तो केवळ व्यापार, अशी खंत वडीलधारी मंडळी व्यक्त करतात. या दोन क्षेत्रांमध्ये खरोखरच एवढी मोठी दरी आहे काय? कै. शंकर वासुदेव किर्लोस्कर यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. कारण त्यांनी हीच वाट उलट दिशेने चालून दाखविली.

शंकररावांचा जन्म 1891 साली सोलापुरास झाला. त्यांचा स्वाभाविक ओढा चित्रकलेकडे. त्या ओढीने ते थेट लाहोरास गेले आणि तेथे पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या चित्रशाळेत त्यांनी धडे घेतले. परंतु कुंचल्यावर संसार चालविण्याचे ते दिवस नव्हते. त्यांचे काका लक्ष्मणराव यांनी बेळगावहून उठून 1910 साली औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर कारखाना उभारला होता. शंकरराव पुढे तेथे आले आणि जाहिरातीचे व विक्रीचे काम त्यांनी अंगावर घेतले.

ते काम सोपे मुळीच नव्हते. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत अनेक शेतकऱ्यांच्या मनात घट्ट बसलेली होती. अशा माणसाला नांगर विकणे म्हणजे प्रथम त्याच्या मनातील भय नांगरून काढणे होय. चित्र डोळ्यांना पटते आणि साधा शब्द मनाला पटतो, ही गोष्ट या चित्रकार विक्रेत्याने नेमकी हेरली. लाहोरास कमावलेली दृष्टी अशा रीतीने कुंडलच्या माळावर कामी आली.

याच खटपटीतून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ जन्मास आली. आरंभी ते कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणारे छोटेसे पत्रक होते. परंतु वाचकाला नुसती मालाची यादी नको असते, त्याला आपल्या जगण्याला उपयोगी पडेल असे काही हवे असते, हे शंकररावांनी ओळखले. उद्योगधंदे, आरोग्य, प्रवास, विज्ञान आणि समाजसुधारणा हे विषय त्यात येऊ लागले. पुढे नावातील ‘खबर’ गळून पडली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठी घरांतील मान्यवर मासिक झाले. 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली.

त्यांची खरी कसोटी येथेच लागली. विक्रेत्याने कोणासही दुखवू नये, हा व्यापाराचा रूढ धडा; तर संपादकाने पटलेले सत्य सांगितलेच पाहिजे, हा लेखणीचा धर्म. रूढींवर आणि अंधश्रद्धांवर टीका करणारे लेख कारखान्याचे नाव मिरविणाऱ्या मासिकात छापणे म्हणजे गिऱ्हाईक दुरावण्याची जोखीम पत्करणे होते. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यांनी छापले, स्त्रियांच्या प्रश्नांना स्वतंत्र मासिक दिले. जोखीम त्यांना दिसत नव्हती असे नव्हे. परंतु वाचकाचा विश्वास हेच अखेर मोठे भांडवल, अशी धारणा त्यांच्या संपादनातून दिसून येते.

कामाच्या या रगाड्यात कुंचला मात्र त्यांनी अडगळीत टाकला नाही. समाजातील विसंगतींवर ते व्यंगचित्रे काढीत. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने ती प्रसिद्धही आहेत. उपजीविकेच्या कामाबाहेर स्वतःचे असे काही जपले, तर ते उलट कामालाच उजळा देते, हे या चित्रांवरून ध्यानी येते. ‘शंवाकीय’ हे त्यांचे आत्मचरित्र 1974 साली प्रकाशित झाले आणि 1975 च्या पहिल्याच दिवशी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

लेखणीकडून व्यापाराकडे वळणाऱ्या आपल्या तरुणांना वडीलधाऱ्यांनी म्हणूनच दूषण देऊ नये. ज्याला माणसाचे मन वाचता येते, त्याला दोन्ही दारे खुली असतात. विकायची वस्तू चांगली आहे ना आणि तिच्याविषयी लिहिलेला शब्द खरा आहे ना, एवढे मात्र त्या तरुणांनी स्वतःस नित्य विचारीत जावे. शंकररावांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध तो हाच.