बाबा आमटे

मुरलीधर देविदास आमटे ऊर्फ बाबा आमटे (२६ डिसेंबर १९१४ – ९ फेब्रुवारी २००८) हे कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी आयुष्य वेचणारे मराठी समाजसेवक व कवी होते. आयुष्याच्या उत्तरार्धात पाठीच्या कण्याच्या गंभीर विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहणे, चालणे आणि आडवे होणे एवढेच त्यांना शक्य होते. तरीही त्यांची अनेक मोठी कामे याच काळात झाली.

पूर्वायुष्य

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका जमीनदार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वरोरा येथे वकिली केली. १९४६ साली त्यांचा विवाह इंदू घुले यांच्याशी झाला. त्या पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या. तुळशीराम नावाच्या मरणासन्न कुष्ठरुग्णाला पाहून बाबांच्या मनात भय दाटले. त्या भयावर मात करण्यासाठी त्यांनी कुष्ठसेवेचे व्रत घेतले आणि कोलकाता येथे या रोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले.

आनंदवन

१९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर उभ्या राहिलेल्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ साली विनोबा भावे यांच्या हस्ते झाले. विनोबा हे रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातल्या गागोदे गावचे. कुष्ठरोगाने हातापायांची संवेदना गेलेल्या माणसाला भिक्षा न देता त्याच्या उरलेल्या शक्तीला साजेसे काम द्यावे, हे आनंदवनाचे मूळ सूत्र होते. पुढे सोमनाथ आणि भामरागड भागातील हेमलकसा येथेही प्रकल्प सुरू झाले.

कण्याचा विकार

बाबांना मान आणि कंबर या दोन्ही भागांत मणक्यांची झीज, म्हणजे स्पाँडिलोसिस, झाली होती. या विकारात दोन मणक्यांमधील गादी पातळ होते, हाडांना टोके फुटतात आणि काही रुग्णांत मज्जारज्जूची नलिका अरुंद होते. कमरेच्या भागात चेतातंतू दाबले गेल्यास पाय दुखतात, बधिर किंवा जड होतात.

अशा रुग्णाची तपासणी करताना कोणत्या स्थितीत त्रास वाढतो हे विचारणे महत्त्वाचे असते. नलिका अरुंद झालेल्या रुग्णाला सहसा चालताना किंवा उभे राहताना त्रास होतो आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. गादीमुळे होणारी वेदना मात्र बहुधा बसल्यावर वाढते. स्नायूंचे बळ, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया व पायांतील नाडीही तपासतात, कारण रक्तप्रवाह कमी झाल्यानेही चालताना पाय दुखू शकतात. वेदनाशामक औषधे, व्यायाम व हालचालींची योग्य आखणी हे शस्त्रक्रियेविना होणारे प्रमुख उपचार आहेत. पायांतील अशक्तपणा वाढत गेल्यास किंवा लघवी व शौचावरील ताबा सुटल्यास मात्र तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी लागते.

आजारपणातील कार्य

शरीर पूर्ववत होण्याची वाट न पाहता बाबांनी कामाची रीत शरीराच्या मर्यादेनुसार बदलली. आनंदवनात इतरांसाठी वापरलेले सूत्र त्यांनी असे स्वतःलाही लावले. १९८५ साली त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर अशी भारत जोडो यात्रा काढली. पाच हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या या मार्गावर तरुण-तरुणी सायकलींवर होते, तर बाबा वाहनात आडवे पडून प्रवास करत होते. १९८८ साली इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. त्यामुळे देशाच्या दक्षिण-उत्तर आणि पूर्व-पश्चिम अशा दोन्ही दिशा त्यांनी जोडल्या.

१९९० साली त्यांनी आनंदवन सोडले आणि नर्मदाकाठच्या कसरावद येथे मुक्काम केला. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या बाजूने ते तेथे सुमारे दशकभर राहिले. आजारी माणसाला घरची सोय सोडून नदीकाठी राहणे सोपे नव्हते. साधनाताईंची अखंड साथ हा या साऱ्या कार्याचा आधार होता.

सन्मान व अखेर

त्यांना पद्मश्री (१९७१), मॅगसेसे पुरस्कार (१९८५), पद्मविभूषण (१९८६), टेम्पल्टन पुरस्कार (१९९०) आणि गांधी शांतता पुरस्कार (१९९९) मिळाले. ‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा प्रसिद्ध काव्यसंग्रह आहे. आनंदवन येथे रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता आनंदवनाच्याच मातीत त्यांचे दफन करण्यात आले.