वसईच्या संताचे घर

समुद्राकडे तोंड करून उभे असलेले घर कुणाला नको असते? मुंबईत तर खिडकीतून समुद्र दिसतो की नाही, यावर फ्लॅटची किंमत ठरते. पण पाचूबंदरच्या शेजारी, वसईच्या किल्ल्यात, समुद्राकाठची अशी श्रीमंत वसाहत केव्हाच नांदून गेली आहे. तिथल्या पडक्या भिंतींतून हिंडताना मला त्या वाड्यांचे मालक आठवत नाहीत. आठवतो तो याच गावात जन्मलेला गोन्सालो गार्सिया.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे तटाच्या आत त्यांच्या सरदारांचे दुमजली वाडे उभे राहिले. १६७५ मध्ये इथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने त्या वाड्यांचे छपराचे सज्जे आणि शिंपल्यांची तावदाने लावलेल्या मोठ्या खिडक्या पाहिल्या. रात्रीचा इशारा झाला की ख्रिस्ती नसलेल्यांनी तटाबाहेर निघून जायचे, असा तिथला शिरस्ता होता. आपल्या आजच्या सोसायट्यांच्या फाटकांवरचे नियम त्यापुढे सौम्यच म्हणायचे!

गोन्सालोचा जन्म १५५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. म्हणजे मुलगा धर्माने तटाच्या आतला, पण रक्ताने अर्धा बाहेरचा. येशूसंघीय पाद्र्यांकडे तो शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने झपाट्याने आत्मसात केली. वर्षानुवर्षे त्याने संघाची सेवा केली, पण संघाने त्याला आपले सदस्य काही करून घेतले नाही. मिश्र वंशाच्या मुलांसाठी ती दारे त्या काळी सहसा उघडत नसत.

मग त्याने व्यापार सुरू केला. त्यात जम बसला, हाती पैसा आला. मनात आणले असते, तर समुद्राकाठी एखादा वाडा बांधून तो सुखात राहिला असता, असे मला वाटते. त्याने केले उलटेच. मनिलाला जाऊन व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून तो दाखल झाला. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या वकिलातीचा दुभाष्या म्हणून तो पुन्हा जपानला पोहोचला. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने क्योटोत जागा दिली. तिथे या संन्याशांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळेही उभारली. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढले होते, त्यांना तिथे छप्पर मिळाले.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. १५९६च्या डिसेंबरमध्ये सगळे पकडले गेले. कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर चढवले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि वाड्यांचे धनी निघून गेले. आज त्या भिंतींवर छप्पर नाही. गोन्सालोचे नाव मात्र गासच्या चर्चला आहे, वसईच्या कॉलेजला आहे. नागासाकीच्या टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात २६ मूर्ती आहेत. त्यांतली एक आपल्या वसईकराची आहे.