सूर आणि तारे

विद्यार्थी मित्रांनो, मराठी पंचांग तुम्ही कधी उघडून पाहिले आहे का? त्यात सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी यांच्या जोडीला एक वेगळेच नाव दिसते. ते नाव म्हणजे हर्षल. हर्षल नावाचा एखादा मुलगा तुमच्या ओळखीचा असेल. पण आकाशातल्या या ग्रहाला हर्षल का म्हणतात, हे ठाऊक आहे का? विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्याला युरेनस म्हणतो, तोच हा ग्रह. ज्याने तो शोधला, त्या विल्यम हर्शेल यांच्या नावावरून मराठीत तो हर्षल झाला.

आता नवल वाटेल अशी गोष्ट ऐका. हा ग्रह ज्या रात्री सापडला, त्या रात्री हर्शेल हे पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हतेच. ते संगीतकार होते. वाद्ये वाजवून आणि संगीताच्या शिकवण्या करून ते पोट भरत होते.

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोवर या शहरात झाला. त्याचे वडील आयझॅक हे लष्कराच्या वाद्यवृंदात ओबो नावाचे वाद्य वाजवत. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य. आयझॅक यांच्या घरचा व्यवसाय बागकामाचा होता. परंतु संगीताच्या ओढीने त्यांनी तो सोडला होता. घरात पैसा बेताचा आणि खाणारी तोंडे पुष्कळ होती. तरीही रात्रीच्या जेवणानंतर त्या घरात संगीताची आणि ग्रहताऱ्यांची चर्चा रंगत असे.

विल्यमला संगीताची देणगी जन्मतःच लाभली होती. चौदाव्या वर्षीच तो वडिलांच्या वाद्यवृंदात भरती झाला. व्हायोलिन आणि ओबो या दोन्ही वाद्यांवर त्याचा हात सफाईने फिरत असे. पण १७५७ मध्ये फ्रेंच सैन्याने हॅनोवरवर स्वारी केली. लढाईच्या धुमश्चक्रीत वाद्ये वाजवणाऱ्या पोरांकडे कोण लक्ष देणार? वडिलांनी मुलाला इंग्लंडला पाठवून दिले. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता.

परक्या देशात त्याच्याजवळ ना जमीन होती, ना पैसा. होता तो फक्त अंगचा गुण. लंडनमध्ये त्याने प्रथम संगीताच्या कागदांच्या नकला उतरवून देण्याचे काम केले. मग गावोगाव फिरून कार्यक्रम केले, एका पलटणीच्या वाद्यवृंदाला शिकवले. अखेरीस १७६६ मध्ये बाथ या शहरातील एका प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादक म्हणून त्याला चांगली जागा मिळाली.

बाथ हे श्रीमंतांचे शहर होते. तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांत स्नान करायला दूरदूरचे लोक येत. त्यांना संध्याकाळी मनोरंजन हवे असे, मुलामुलींना संगीत शिकवायला शिक्षक हवा असे. हर्शेल यांची चांगलीच चलती झाली. कधीकधी आठवड्याला पस्तीसहून अधिक शिकवण्या ते करत. त्यांनी चोवीस सिंफनी रचल्या. वर्षाला सुमारे ४०० पौंड मिळू लागले. त्या काळी ही कमाई मोठी मानली जाई.

मित्रांनो, येथे थोडे थांबा आणि विचार करा. अंगात हुनर आहे, त्या हुनराला मागणी आहे, मान आहे, पैसाही आहे. माणसाला आणखी काय हवे? पण हर्शेल यांच्या मनाला दुसराच शौक लागला.

त्याचे असे झाले. संगीताचे शास्त्र समजावे म्हणून त्यांनी रॉबर्ट स्मिथ या विद्वानाचे स्वरांविषयीचे पुस्तक वाचले. ते इतके आवडले, की त्याच लेखकाचे प्रकाशाविषयीचे पुस्तक त्यांनी मिळवले. त्यात दुर्बिणी कशा तयार करतात, याचे वर्णन होते. मग १७७३ मध्ये त्यांनी खगोलशास्त्राचे पुस्तक विकत घेतले. दिवसभर शिकवण्या करून थकलेला हा माणूस रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ती पुस्तके वाचू लागला. पुस्तकात लिहिलेले सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे त्यांना वाटू लागले.

परंतु मोठी दुर्बीण विकत घेणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. तेव्हा ती स्वतःच करायची, असे त्यांनी ठरवले. त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत, धातूचे असत. तांबे आणि कथील वितळवून त्याची चकती ओतायची आणि ती घासून घासून लखलखीत करायची. घासताना मध्येच हात थांबला, तर आरसा बिघडण्याची भीती असे. एकदा हर्शेल सलग सोळा तास आरसा घासत बसले. त्यांचे हात कामातून सुटत नव्हते, म्हणून त्यांची बहीण कॅरोलाइन त्यांना घास भरवत होती.

या बहिणीची ओळख करून घेतलीच पाहिजे. कॅरोलाइन विल्यमपेक्षा सुमारे अकरा वर्षांनी लहान होती. लहानपणीच्या आजारामुळे तिची उंची खुंटली होती. मुलींना शिक्षण कशाला, असे आईचे मत असल्याने ती घरकामातच अडकून पडली होती. १७७२ मध्ये विल्यमने तिला बाथला आणले. तिच्या जागी आईला कामाला बाई ठेवता यावी, म्हणून त्याने पैशांची सोयही करून दिली. भावाने तिला गाणे शिकवले. थोड्याच वर्षांत ती बाथमधील कार्यक्रमांत मुख्य गायिका म्हणून गाऊ लागली.

घराचा आता कारखाना झाला. बैठकीच्या खोलीत सुतारकाम, दुसऱ्या खोलीत यंत्र. कार्यक्रमाच्या मधल्या सुट्टीतही हर्शेल घाईघाईने घरी येत आणि अंगावरच्या झालरीच्या कपड्यांसह कामाला लागत. कपडे फाटत, त्यांवर गरम डांबर उडे. ऑगस्ट १७८१ मध्ये तर जीवावरचा प्रसंग आला. एक फार मोठा आरसा ओतत असताना भट्टीला तडा गेला. वितळलेला धातू जमिनीवर वाहू लागला आणि फरशीचे दगड फुटून छतापर्यंत उडाले. सारे जण जीव घेऊन बाहेर पळाले. अशी कितीतरी अपयशे त्यांनी पचवली. हा सर्व खर्च कोठून होत होता? संगीताच्या कमाईतून! शौकाला हुनर पोसत होता.

या अपघाताच्या काही महिने आधीच ती प्रसिद्ध रात्र येऊन गेली होती. १३ मार्च १७८१ रोजी रात्री दहानंतर आपल्या घराच्या मागील बागेत हर्शेल सात फूट लांबीच्या दुर्बिणीतून तारे पाहत होते. मिथुन राशीजवळ त्यांना एक वेगळाच ठिपका दिसला. तारा दुर्बिणीतूनही बिंदूसारखाच दिसतो. हा मात्र लहानशा चकतीसारखा होता. काही दिवसांनी पाहिले, तर तो जागेवरून सरकला होता. हा धूमकेतू असावा, असे त्यांना वाटले. पण इतर शास्त्रज्ञांनी त्याची कक्षा मोजली, तेव्हा तो शनीच्याही पलीकडचा, शनीच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरचा ग्रह ठरला. माणसाला प्राचीन काळापासून केवळ डोळ्यांनी पाच ग्रह ओळखता येत होते. दुर्बिणीच्या साहाय्याने सापडलेला हा पहिला नवा ग्रह होता. तो एका संगीतशिक्षकाने घरी केलेल्या दुर्बिणीतून पाहिला होता! ग्रीनिच येथील राजाच्या वेधशाळेतील दुर्बिणींशी तुलना केली, तेव्हा हर्शेल यांचीच दुर्बीण सरस ठरली.

आता खरी कसोटी आली. १७८२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने हर्शेल यांना आपला खगोलशास्त्रज्ञ म्हणून नेमण्याची तयारी दाखवली. पगार होता वर्षाला फक्त २०० पौंड. म्हणजे संगीतात मिळत होते, त्याच्या निम्मे! शिवाय बाथ सोडून राजवाड्याजवळ राहायचे आणि राजघराण्यातील मंडळींना आकाश दाखवायचे, अशी अट होती.

तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? वय त्रेचाळीस वर्षांचे. पंचवीस वर्षे कष्ट करून उभा केलेला व्यवसाय. तो सोडला, तर पुन्हा विद्यार्थी मिळतील याची खात्री नाही. पण दिवसा संगीत आणि रात्री तारे असे दोन दगडांवर पाय ठेवून शरीर किती काळ टिकणार, हाही प्रश्न होताच. हर्शेल यांनी राजाची नोकरी स्वीकारली. मे १७८२ मध्ये त्यांनी व कॅरोलाइनने बाथमध्ये शेवटचा कार्यक्रम केला.

निम्म्या पगारात भागत नसे. तेव्हा त्यांनी दुर्बिणी करून विकायला सुरुवात केली. त्यांच्या दुर्बिणींना युरोपभर मागणी आली. पुढे स्पेनच्या राजाने एका मोठ्या दुर्बिणीसाठी त्यांना तीन हजारांहून अधिक पौंड दिले. १७८८ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी सधन घरातील होती, त्यामुळे पैशाची चिंता आणखी कमी झाली.

विल्यमच्या या निर्णयाची किंमत आणखी एका व्यक्तीने मोजली. ती म्हणजे कॅरोलाइन. तिचे गाणे नुकतेच कोठे नावारूपाला येत होते. त्यावर ती स्वतंत्रपणे जगू शकली असती. भावासाठी तिने गाणे सोडले आणि थंडीत रात्र रात्र जागून त्याने सांगितलेली निरीक्षणे लिहून घेतली. पण त्या कामातच तिला स्वतःची वाट सापडली. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळवणारी ती इंग्लंडमधील पहिली स्त्री मानली जाते.

पुढची चाळीस वर्षे हर्शेल आकाशातच रमले. त्यांनी युरेनसचे दोन आणि शनीचे दोन उपग्रह शोधले. चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली. १८०० मध्ये लोलक आणि तापमापक यांच्या साहाय्याने, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण त्यांनी शोधून काढले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी त्यांचे निधन झाले. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षे लागतात. हर्शेलही जवळजवळ तितकेच जगले. २००९ मध्ये अवरक्त किरण टिपणारी एक मोठी दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. तिलाही हर्शेल यांचेच नाव दिले होते.

मित्रांनो, लवकरच तुम्हांलाही ठरवावे लागेल, की पोटासाठी काय करायचे. कोणाचा हात खुशखतीत चालतो, पण मन यंत्रांत रमते. कोणाला हिशेब पटकन जमतो, पण ओढ क्रिकेटची असते. शौक निवडावा की हुनर? हर्शेल यांनी केवळ आवड आहे म्हणून एका रात्रीत कमाई सोडली नाही. नऊ वर्षे त्यांनी हुनरावर घर चालवले आणि त्याच पैशातून शौकाला बळ दिले. आवडीचे काम आपल्याला खरोखर जमते, हे जगाला दाखवल्यावरच त्यांनी पाऊल उचलले. आणि मग कमी पगाराची तक्रार करत न बसता नवा मार्ग शोधला.

सर्वांनाच राजा भेटत नाही, हेही खरे. पण रोज सराव करणाऱ्या वादकाची चिकाटीच पुढे आरसा घासताना त्यांच्या कामी आली. मनापासून शिकलेले कोणतेही काम वाया जात नाही. तेव्हा एखाद्या रात्री वीज गेली, तर छतावर जा आणि वर पाहा. हर्षल सहसा नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पण तो तेथे आहे, आणि तो दिवसा व्हायोलिन शिकवणाऱ्या एका माणसाला सापडला होता, हे मात्र आठवा.