श्रीधर अय्यावाळ आणि तिरुविशनल्लूरची गंगा

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकास सिंहस्थ भरतो, हे मराठी वाचकास सांगावयास नको. त्याच गुरूच्या सिंहप्रवेशाच्या काळात, माघ महिन्यात, कावेरीकाठच्या कुंभकोणम् येथे महामहम् नावाचा स्नानोत्सव दर बारा वर्षांनी होतो. अलीकडचा २०१६ साली झाला. लोकांची पापे धुऊन मलिन झालेल्या गंगा, यमुना, नर्मदा, गोदावरी आदी नऊ नद्या त्या दिवशी तेथील सरोवरात शुद्ध होण्यासाठी येतात, अशी स्थलपुराणाची धारणा आहे. त्या सरोवराच्या घडीव पायऱ्या व भोवतीचे सोळा मंडप यांचे श्रेय तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांना दिले जाते. उत्तरेची गंगा दक्षिणेत येते, आणि स्वतःचे काही मागण्यासाठी येते, ही कल्पना या मुलखाच्या अंगवळणी पडलेली आहे. श्रीधर अय्यावाळ यांच्या चरित्रातील मध्यवर्ती घटना समजून घेताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

अय्यावाळांचे पूर्ण नाव श्रीधर वेंकटेश. अय्यावाळ ही तमिळ ब्राह्मणी बोलीतील आदरार्थी उपाधी होय. मराठीत एखाद्या सत्पुरुषास बाबा वा महाराज म्हणावे, तशी ती मूळ नावाच्या जागी रूढ झाली. त्यांचा जन्म सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे १६३५ साली, कानडी मुलखात झाला असे परंपरा मानते. वडील लिंगराय हे म्हैसूर दरबारी मोठ्या अधिकारावर होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते पद पुत्राकडे चालून आले. परंतु श्रीधरांनी ते नाकारले, वडिलार्जित संपत्ती वाटून टाकली आणि आई व पत्नी यांना घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. काही काळ तिरुच्चिराप्पळ्ळीस राहून तेथील मातृभूतेश्वराची सेवा त्यांनी केली. त्यांचे 'मातृभूतशतक' हे स्तोत्रकाव्य त्याच देवतेस उद्देशून आहे. अखेरीस ते कुंभकोणमच्या ईशान्येस, कावेरीच्या उत्तर तीरावरील तिरुविशनल्लूर या गावी स्थिरावले.

हे गाव त्या काळी नव्याने घडत होते. व्यंकोजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजीमहाराजांचे पुतणे शहाजीराजे १६८४ साली तंजावरच्या गादीवर आले. ते स्वतः बहुभाषी ग्रंथकार होते. 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांचे मराठी नाटक आहे, आणि 'पंचभाषाविलास' या त्यांच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या पाच भाषा एकत्र नांदतात. या राजाने १६९३ साली तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांस अग्रहार म्हणून दान दिले आणि त्यास शहाजीराजपुरम् हे नाव मिळाले. 'जानकीपरिणय' नाटकाचे व 'पतंजलिचरित' काव्याचे कर्ते रामभद्र दीक्षित हे त्या विद्वन्मंडळातील अग्रणी होत. अय्यावाळांनीही 'शाहेंद्रविलास' हे महाकाव्य याच शहाजीराजांच्या चरित्रावर रचले, व्ही. राघवन यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती तंजावरच्या सरस्वती महालाने १९५२ साली प्रसिद्ध केली.

परंतु तिरुविशनल्लूर ही कोरी भूमी नव्हती. तेथील शिवालय तिरुवियलूर या नावाने संबंधरांच्या तेवारम् पदांत गौरविले गेले आहे. म्हणजे राजाच्या दानपत्रापूर्वी सुमारे हजार वर्षे ते तमिळ शैवांचे क्षेत्र होते. कानडी घराण्यातील एक संस्कृत कवी, मराठी राजाने वसविलेल्या पंडितांच्या आळीत, तमिळ शैव क्षेत्राच्या सावलीत येऊन राहिला. त्याच्या आयुष्यातील संघर्ष या तीन थरांच्या संगमातून निर्माण झाला.

अय्यावाळ उपासनेने शैव, पण प्रतिपादनाने नामवादी होते. 'आख्याषष्टि' आणि 'भगवन्नामभूषण' या ग्रंथांत त्यांनी भगवन्नामाचे सामर्थ्य शास्त्राधाराने मांडले. नाम हे कोणासही, कोणत्याही वेळी घेता येते. त्यास अधिकारभेद नाही, असा या सिद्धांताचा गाभा आहे. जवळच गोविंदपुरम् येथे कांची पीठाचे बोधेंद्र सरस्वती हेच मत प्रतिपादीत होते. परंपरेनुसार ते १६९२ साली समाधिस्थ झाले. शिवाचा उपासक असून अय्यावाळ कृष्णस्तोत्रे रचतात, याचे गावास नवल वाटे. कृष्णजयंतीच्या मिरवणुकीत देवाचे चित्र त्यांच्या दारावरून जात असता ते पूजेस पुढे आले. शैवास कृष्णाचे काय, म्हणून लोकांनी त्यांची थट्टा केली. तेव्हा ते चित्र आपण होऊन त्यांच्याकडे आले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिच्यातील सामाजिक वास्तव उरतेच: या गावात कोणी कोणत्या देवतेस पुजावे यावर शेजाऱ्यांची नजर होती.

या नजरेचा खरा प्रत्यय आला तो श्राद्धाच्या दिवशी. कार्तिक अमावास्येस अय्यावाळांच्या घरी वडिलांचे श्राद्ध होते. स्वयंपाक सोवळ्याने सिद्ध झाला होता आणि क्षण दिलेले ब्राह्मण यावयाचे होते. इतक्यात एक अंत्यज दाराशी आला. तो उपाशी होता आणि अन्नाच्या वासाने त्याचा जीव व्याकूळ झाला होता. अय्यावाळांनी पितरांसाठी रांधलेले अन्न उचलून त्यास वाढले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने यात दुहेरी अतिक्रम होता: श्राद्धाचे अन्न ब्राह्मणभोजनापूर्वी उच्छिष्ट झाले, आणि ते ज्यास दिले गेले तो त्या आळीत पाऊल टाकण्यासही अपात्र मानला जात होता. अय्यावाळ हे जाणत नव्हते असे म्हणता येत नाही. शास्त्रांचे अध्ययन हेच त्यांचे जीवन होते. त्यांनी घर पुन्हा शुद्ध करविले आणि दुसरा स्वयंपाक मांडला. तरीही क्षण दिलेले ब्राह्मण जेवावयास बसले नाहीत. गंगेत स्नान करून आल्याखेरीज दोष जाणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. श्राद्धाची तिथी तर त्याच दिवसाची. गंगा शेकडो कोसांवर. असे प्रायश्चित्त सांगणे म्हणजे श्राद्ध बंद पाडणेच होते.

तेव्हा अय्यावाळांनी आपल्या परसातील विहिरीपाशी उभे राहून 'गंगाष्टक' रचले. कथा सांगते की, विहिरीचे पाणी चढू लागले, काठावरून ओसंडले, आळीत शिरले आणि प्रायश्चित्त सांगणाऱ्यांच्या उंबऱ्याशी येऊन पोहोचले. ज्यांनी गंगास्नानाचा आग्रह धरला होता, तेच आता पाणी आवरा म्हणून विनवू लागले. अय्यावाळांच्या प्रार्थनेने गंगा विहिरीत परतली आणि तेथेच राहिली.

मराठी वाचकास येथे एकनाथांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पैठणास नाथांच्या (१५३३–१५९९) घरी श्राद्धाचे अन्न भुकेल्या महारांस वाढले गेले. ब्राह्मणांनी भोजनास नकार दिला. तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले, ही कथा महिपतींच्या संतचरित्रांनी घरोघरी पोहोचविली. काशीची गंगा कावडीने रामेश्वरास नेत असता नाथांनी ती तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, ही दुसरी कथाही तितकीच प्रसिद्ध आहे. श्राद्ध, भूक आणि गंगा हे तिन्ही घटक दोन्ही चरित्रांत आहेत. मात्र साम्य दिसताच उसनवारीचा निष्कर्ष काढण्याची घाई तौलनिक अभ्यासकास शोभत नाही. सोवळ्याचे नियम काटेकोर असलेल्या आणि भक्तीचा प्रभाव वाढलेल्या कोणत्याही वस्तीत हा पेच निर्माण होणारच होता. श्राद्ध हे गृहस्थाच्या घरचे असे कर्म आहे की, ज्यात शेजाऱ्यांची संमती अत्यावश्यक असते. जेवावयास कोणी आलेच नाही, तर कर्मच राहते. म्हणून समाजाचा अंकुश नेमका येथे बसतो, आणि संतांच्या चरित्रकारांनाही निर्णायक प्रसंग येथेच सापडतो.

साम्यापेक्षा भेद अधिक उद्बोधक आहे. पैठणच्या कथेत तोडगा पितरांकडून येतो. ज्यांच्यासाठी श्राद्ध, त्यांनीच अन्न स्वीकारले. मग मध्यस्थांच्या नकारास अर्थ उरत नाही. प्रायश्चित्ताची गरजच तेथे नाहीशी होते. तिरुविशनल्लूरच्या कथेत प्रायश्चित्त मान्य केले जाते, परंतु ते सांगणाऱ्यांच्याच दारात वाहत येते. नियम मोडला जात नाही. तो पुरा होतो आणि पुरा होताना नियम करणाऱ्यांनाच भिजवितो. पैठणास गोदावरी पायथ्याशी वाहते आणि मराठी माणूस तिलाच गंगा म्हणतो; तेथे दूरच्या गंगेचे प्रायश्चित्त कोणी सांगितले असते तर ते विचित्र दिसले असते. कावेरीसही दक्षिणगंगा म्हणतात. पण कावेरी हाकेच्या अंतरावर असता ब्राह्मणांनी गंगाच मागितली, यात स्थानिक पावित्र्यावरील अविश्वास होता. गंगेने विहिरीत प्रकट होऊन तो अविश्वास फेडला. महामहमच्या मुलखात हा तोडगा सुचणे स्वाभाविक होते.

दाराशी आलेल्या त्या भुकेल्या माणसाचे काय? कथेने त्यास नाव दिलेले नाही. काही कथनांत तो साक्षात शिव असल्याचे सांगितले जाते. या कल्पनेस तमिळ शैव परंपरेत भक्कम पूर्वाधार आहे: सोमासिमार नायनार यांच्या यज्ञास तिरुवारूरचे त्यागेश अंत्यजाच्या वेषात आले आणि इतर ऋत्विज विटाळाच्या भयाने पळाले, ही कथा त्याच परिसरातील अंबर येथे आजही उत्सवरूपाने जागविली जाते. या साच्यात बसविल्यावर अय्यावाळांची कृती तमिळ भक्तांस तत्काळ परिचयाची झाली असणार. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. आलेला अतिथी शिव असेल, तर यजमानाने देवासच नैवेद्य दाखविला आणि ब्राह्मणांना तो ओळखता आला नाही, एवढेच उरते. तो केवळ उपाशी माणूस असेल, तर एका विद्वानाने जाणूनबुजून भुकेस विधीच्या वर स्थान दिले, असा अर्थ होतो. अय्यावाळांनी अन्न वाढले तेव्हा त्यांच्यापुढे दुसरीच शक्यता होती. 'दयाशतक' लिहिणाऱ्या कवीस तेवढी पुरेशी वाटली, यातच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

अय्यावाळांचे उत्तरायुष्य मध्यार्जुन क्षेत्राशी निगडित आहे. कावेरी ओलांडून दक्षिण तीरावरील तिरुविडैमरुदूर येथे महालिंगस्वामींच्या दर्शनास जाण्याचा त्यांचा नित्यनेम होता. या क्षेत्राच्या नावातही प्रस्तुत विषयाचे एक सुंदर उदाहरण दडले आहे. मरुदु म्हणजे अर्जुनवृक्ष, इडै म्हणजे मधला. स्थानिक वृक्षावरून पडलेल्या तमिळ नावाचे संस्कृत रूप मध्यार्जुन झाले आणि त्याची सांगड श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाशी घातली गेली. झाड स्थानिकच राहिले. नावाने मात्र ते मोठ्या तीर्थमालिकेत जाऊन बसले. एकदा पुरामुळे नदी ओलांडता न आल्याने अय्यावाळांनी काठावरूनच आर्तिहरस्तोत्राने शिवास आळविले, असे सांगतात. अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात, याच मंदिराच्या गाभाऱ्यात ते महालिंगात विलीन झाले अशी श्रद्धा आहे. त्यामुळे त्यांची समाधी कोठेही नाही.

समाधी नसल्याने स्मृतीचे केंद्र त्यांचे घर व विहीर हेच राहिले. तेथे आता मठ आहे. दरवर्षी तमिळ कार्तिगै महिन्यातील अमावास्येस पहाटेपासून लोक रांगा लावतात आणि त्या विहिरीचे पाणी अंगावर घेतात. एका माणसास शिक्षा म्हणून सांगितलेले स्नान सर्वांसाठी पुण्यस्नान झाले, आणि ज्या गावाने त्यांना दोषी ठरविले त्याच गावास त्या स्नानामुळे तीर्थाची प्रतिष्ठा लाभली. पैठणास नाथषष्ठीच्या यात्रेत कथेचे वहन कीर्तन करते. तिरुविशनल्लूरात ते पाणी करते. विधी आणि स्मृती यांचा हा संबंध नाजूक आहे. स्नान दरवर्षी पुन्हा करता येते. ज्या कृतीमुळे ते घडले ती कृती मात्र कथा सांगितली गेली तरच समजते.

ती कथा टिकली ती मुख्यतः भजनपरंपरेमुळे. याच तिरुविशनल्लूरात १७७७ साली जन्मलेल्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतील भजनपद्धतीस सुव्यवस्थित रूप दिले. ते १८१७ साली निवर्तले. या संप्रदायाच्या आरंभीच्या गुरुवंदनात बोधेंद्र, अय्यावाळ आणि सद्गुरुस्वामी या त्रयीचे स्मरण केले जाते. संस्कृत अष्टपदी, तेलुगू कीर्तने आणि कानडी पदे यांच्या जोडीस मराठी अभंगही तेथे गाइले जातात. मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले आणि शहाजीराजपुरम् हे नाव दानपत्राबरोबर मागे पडले. तिरुविशनल्लूर हे तमिळ नाव, तेथील विहीर आणि तमिळ गळ्यांतील अभंग मात्र राहिले.