ताराबाई शिंदे : वृत्तपत्रीय स्त्रीप्रतिमेचा प्रतिवाद

ताराबाई शिंदे (१८५०-१९१०) या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक विचारांचे असल्याने ताराबाईंना घरीच शिक्षण लाभले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांनी एकीच्या अपराधावरून समग्र स्त्रीजातीचे चारित्र्य ठरविले. त्याचा प्रतिवाद म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापविले. अपराधामागील पुनर्विवाहबंदी त्यांनी दाखवून दिली, दोषांची तीच मोजपट्टी पुरुषांना लावली आणि समकालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचीही झडती घेतली. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. तथापि ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रकाशात आणली. एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रे स्त्रीजीवनाचे साधन म्हणून वाचताना, त्यांच्या वाचक स्त्रीने दिलेले हे उत्तरही तितक्याच अधिकाराचे साधन मानणे अगत्याचे आहे. अन्यथा आरोपालाच इतिहास समजण्याची चूक घडते.