इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : जुन्या दप्तरांतून नवे ज्ञान

जुन्या ग्रंथांत व कागदपत्रांत ज्ञान साठवलेले असते, असे आपण सहज म्हणतो. तथापि जुना कागद स्वतःहून बोलत नाही. त्याला प्रश्न विचारावा लागतो. हा प्रश्न कसा विचारावा, याचा वस्तुपाठ विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या चरित्रात आढळतो.

जडणघडण

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली वरसई (आजचा रायगड जिल्हा) येथे झाला. त्यांचे शिक्षण पुण्यात, अडचणींतून व खंड पडत पूर्ण झाले. १८९१ मध्ये ते बी.ए. झाले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. महाविद्यालयातील व्याख्यानांपेक्षा ग्रंथालयातील वाचनावर त्यांचा भर होता. 'भाषांतर' या मासिकातून त्यांनी जगातील महत्त्वाचे ग्रंथ मराठीत आणण्याचा उपक्रम आरंभला आणि प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा अनुवाद केला. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढील सारे आयुष्य संशोधनासाठी वाहिले.

दप्तरांचा शोध

मराठेशाहीतील घराण्यांची दप्तरे त्या काळी वाड्यांच्या माळ्यांवर वाळवी व ओल यांच्या भक्ष्यस्थानी पडत होती. कोणी ती रद्दीत काढी, तर कोणी अनोळखी माणसाला दाखवण्यासही धजत नसे. राजवाडे गावोगाव हिंडले, घरमालकांची मनधरणी केली आणि मोडी पत्रे उतरवून घेतली. वाई येथे मिळालेल्या, पानिपतच्या काळातील पत्रांचा खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे एकूण २२ खंड त्यांनी प्रकाशित केले.

हे केवळ संकलन नव्हते. अनेक पत्रांवर तिथी असे, पण वर्ष नसे. मजकुरातील व्यक्ती, स्वाऱ्या व घटना यांचा मेळ घालून राजवाडे ते वर्ष निश्चित करीत. मग बखरींतील आणि ग्रँट डफच्या इतिहासातील विधाने ते समकालीन पत्रांशी ताडून पाहत. ज्या कागदाने एके काळी केवळ स्वारीची बातमी पोहोचवली होती, तोच आता कालनिर्णयाचा पुरावा ठरला.

इतिहासाकडून भाषेकडे

भाषेच्या अभ्यासकाला याहून मोलाची वाटते ती त्यांची पुढची पायरी. त्याच पत्रांना त्यांनी भाषेविषयीचा प्रश्न विचारला. निरनिराळ्या काळांतील पत्रांतील फारसी शब्दांचे प्रमाण तपासून, शिवकालापासून ते कसे घटत गेले, हे त्यांनी दाखवले. पाटांगण येथे मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या पोथीचे त्यांनी संपादन केले. ही पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे मत होते. तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण सिद्ध केले. पाणिनीच्या परंपरेत मुरलेली त्यांची दृष्टी येथे मराठी रूपांच्या उगमाचा शोध घेताना दिसते. त्यांनी संकलित केलेला धातुकोश मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

मर्यादा आणि वारसा

राजवाडे यांची काही अनुमाने धाडसी होती. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज स्वीकारल्या जात नाहीत. ज्ञानेश्वरीच्या त्या पोथीच्या प्राचीनत्वाविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या. परंतु मूळ पोथीच उपलब्ध न राहिल्याने त्यांचा निर्णायक निकाल लागू शकला नाही. इतरांच्या घरचे कागद वाचवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या संशोधकाच्या बाबतीत हे घडावे, ही खेदाची गोष्ट होय. साधन मिळवणे जितके आवश्यक, तितकेच ते दुसऱ्याच्या तपासणीसाठी जपून ठेवणेही आवश्यक असते.

ही जाणीव संस्थारूपाने टिकली. १९१० साली खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे यांचे निष्कर्ष आज आपण त्यांनीच छापलेल्या साधनांच्या आधारे तपासतो आणि प्रसंगी नाकारतोही. त्यांच्या कार्याचे सामर्थ्य यातच आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वर्षाचा उल्लेख नसलेल्या पत्राचा काळ राजवाडे कसा निश्चित करीत?
२. आपल्या घरातील वा गावातील एखादे जुने पत्र, खतावणी किंवा पोथी पाहा. तिच्यातील आज वापरात नसलेले पाच शब्द नोंदवून त्यांचे अर्थ शोधा.